बिनदेवाची जत्रा

धरणाच्या काठी, जुन्या धक्क्याशेजारी, आता विश्रामगृहाची बाग आहे. जास्वंद आहे, क्रोटन आहे, वाफ्यांना चुना लावलेल्या विटांची कड आहे. फक्त एका कोपऱ्यात काही धरत नाही. माळी म्हणतो, "बाई, हितं खाली दगड लागत्यात." ते दगड कसले, कुणी ठेवले, हे मला ठाऊक आहे. मी त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो पहार घेऊन ते काढायला बसेल, आणि ते मला बघवणार नाही.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाच्या आसपासची. राजूरच्या वर, डोंगरातल्या त्या गावी उपकेंद्रात मी नर्स म्हणून आले, ती दुष्काळाच्या थोडी आधी. नव्या गावी गेलं की मी सामान सोडायच्या आधी गावाचा एक फेरा मारते. पाणी कुठे, एसटी कुठे थांबते, दुकान कुठे, हे बघून घेते; चहा नंतर. त्या फेऱ्यात शेवटी धक्क्यावर पोचले. धरण बांधताना सामान उतरवायला केलेला दगडी धक्का. बांधकाम संपलं, धक्का राहिला. पलीकडच्या तीरावरच्या वाड्यांना जाणारी होडी तिथून सुटायची. राजूरचा बाजार करून आलेली माणसं होडीची वाट बघत तिथे बसून असायची. आणि त्यांच्यासमोर, सपाट जागेवर, पाण्याकडे तोंड करून एक लाकडी पाळणा गरगरत होता.

जत्रेत असतो तसा, चार डोल्यांचा, हातानं ढकलायचा. शेजारी लाकडी घोड्यांचं चक्कर, फुगे फोडायची फळी, आणि एका खोपटात माणूस बारीक दाखवणारा आरसा. जवळपास देऊळ नाही, पालखी नाही, यात्रेचा दिवसही नाही. वाट बघत बसलेल्या एका म्हातारबाबांना मी विचारलं, "कसली जत्रा आहे, बाबा?"

"बिनदेवाची," ते म्हणाले. "हौसाबाईची. रोजच आसती."

एवढ्यात एसटीच्या कंडक्टरसारखी डबल शिट्टी वाजली आणि पाळणा सुटला. शिट्टी वाजवणारी बाई उंच, रुंद, पन्नाशीची. हिरव्या लुगड्याचा घट्ट काष्टा, कपाळ मोकळं, गळ्यात काळ्या दोऱ्यात ती शिट्टी. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि निकाल दिला.

"लई हलक्या. तुमची जोड न्हाई गावायची ह्या गावात."

जोड म्हणजे काय ते मला नंतर समजलं. लाकडी पाळण्यात समोरासमोरच्या डोल्यांत वजन सारखं लागतं. एकीकडे जास्त झालं की पाळणा तिकडेच बसतो आणि ढकलणाऱ्याचे खांदे निघतात. म्हणून हौसाबाई कुणाला मर्जीनं बसू देत नसत. चढताना आधार द्यायच्या निमित्तानं कोपराला धरून माणूस किंचित उचलून बघायच्या आणि धान्याच्या मापानं सांगायच्या, "ही पायली. ह्ये दीड पोतं. ह्ये तर नुसतं भूस." मग जोड्या लावायच्या. पुण्या-नाशकाकडून फिरायला आलेलं नवं जोडपं हातात हात घालून एकाच डोलीकडे निघालं, की त्यांना सोडवून समोरासमोरच्या डोल्यांत घालायच्या. नवरा कुरकुरला तर म्हणायच्या, "शेजारी बसून काय दिसतंय? वरनं-खालनं बगा की येकमेकाला. पुढं तेच हाय."

त्यांचा अंदाज नेहमी बरोबर यायचा असंही नाही. एकदा राजूरचे एक किराणा दुकानदार उधारी मागायला पलीकडच्या वाडीला निघाले होते. शेटजींचं वजन काही लपण्यासारखं नव्हतं. हौसाबाईंनी होडीची वाट बघणाऱ्या दोन डोंगरी बायका त्यांच्या समोर बसवल्या आणि शिट्टी दिली. पाळणा अर्धा फेरा गेला आणि शेटजी वरच्या वर अडकले. बायकांची डोली खाली जमिनीला टेकली ती उठेना. हौसाबाईंचा धाकटा दीर नामदेव पाळणा ढकलायचा. त्यानं खांदा लावला, पाय रोवले, काही नाही.

"वयनी, ह्या बाया हायेत का डोंगूर?"

वरून शेटजी ओरडत होते, "अहो, उतरवा! मला चक्कर येतेय!"

"पाळना थांबलाय शेटजी, चक्कर कशानं येती?" हौसाबाई म्हणाल्या आणि खाली बसलेल्या एका बाईचा पदर त्यांनी जरा बाजूला केला. मांडीवर फडक्यात गुंडाळलेला नवाकोरा दगडी पाटा होता, वरवंट्यासकट. बाजारातून आणलेला. खाली ठेवला तर कुणी नेईल म्हणून ती तो घेऊनच वर चढली होती.

"आगं, सांगायचं न्हाई व्हय?"

"तुमी इचारलं कुठं? मला उचलून बगितलं, मांडी कुठं उचलली?"

सगळा धक्का हसला. पाटा खाली काढला तेव्हा शेटजी खाली आले, आणि त्या दिवशी उधारी मागायची राहून, होडीत न बसताच राजूरला परत गेले, असं लोक पुढे बरेच दिवस सांगायचे.

हौसाबाई जामखेडकडच्या. त्यांचं सासर पिढ्यान्‌पिढ्या पाळणेवाल्यांचं. या यात्रेतून त्या यात्रेत, बैलगाडीवर पाळणा आणि पाळण्यावर पोरं. नवरा असाच एका यात्रेच्या वाटेवर तापानं गेला. त्यानंतर एका साली इकडच्या अकोले तालुक्यातल्या यात्रा करताना त्यांनी हे धरण पहिल्यांदा पाहिलं. जामखेडच्या बाजूला ज्या बाईचं अर्धं आयुष्य हंड्याखाली गेलं, तिनं एवढं पाणी एका ठिकाणी उभं पाहिलं आणि धक्क्यावर बसलेल्या होडीवाल्याला विचारलं, "एवडं कुनाचं हाय?"

"सरकारचं."

"आन राखायला कोनीबी न्हाई?"

मग त्याच राखायला बसल्यासारख्या तिथे राहिल्या. धरणाच्या ऑफिसातून धक्क्याशेजारच्या जागेची परवानगी मिळवली. ती दर उन्हाळ्यात नवी करून घ्यावी लागे. सकाळी उठून धक्क्याच्या टोकाला जायच्या, एक कळशी भरायच्या. जवळच नळ होता तरी. पण त्या पाण्यात पाय बुडवलेले मी कधी पाहिले नाहीत. पाय धुवायचे तर तांब्यात पाणी घेऊन लांब जाऊन धुवायच्या. मी एकदा म्हटलं, "हौसाबाई, एवढ्या पाण्याला तुमच्या पायांनी काय होणार आहे?"

"त्याला काय न्हाई हुनार. मला सवय लागंल."

नामदेवला मात्र हे मुक्कामी राहणं मानवत नव्हतं. तो फिरत्या जातकुळीचा. उरुसांच्या, यात्रांच्या तारखा त्याला तोंडपाठ. तारीख जवळ आली की तो बेचैन व्हायचा आणि दिरा-भावजयीत तेच भांडण नव्यानं सुरू व्हायचं.

"आपलं चाकाचं पोट हाय, वयनी. चाकानं फिरावं."

"फिरतंय की भावजी. पाळन्याचं चाक येका जागीच फिरतं. गाडीचं तुमी बगा."

गाडीचं बघायला तो काही जायचा नाही. वहिनीला सोडून जाणं त्याच्यात नव्हतं. तो पुन्हा खांदा लावून पाळणा ढकलायला लागायचा.

माझं आणि हौसाबाईंचं जमलं ते देवी टोचण्यावरून. डोंगरातली पोरं मला बघितलं की रानात पळायची. आया दार लावून घ्यायच्या. मी वाड्या आखल्या, दिवस ठरवले, आदल्या दिवशी दवंडी दिली. दवंडीचा उपयोग एवढाच झाला की पोरं आदल्या रात्रीच मामाच्या गावाला गेली. हौसाबाईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "पोरास्नी हितं आना. म्हनावं, पाळना फुकाट हाय."

बाजाराच्या दिवशी होडी भरभरून पोरं आली. नामदेव एकेक डोली खाली आणून थांबवायचा, मी दंडावर टोचायचे, पोरगं भोकाड पसरायला तोंड उघडतं न उघडतं तोच डबल शिट्टी, आणि ते वर आभाळात. रडणं वरच्या वर वाऱ्यावर जायचं. खाली येईपर्यंत ते हसत असायचं. आयांना वाटलं, नव्या औषधाला दुखतच नाही. दुपारी होडी परत निघाली तेव्हा एक चिमुरडी हौसाबाईंचं लुगडं धरून म्हणाली, "दुसऱ्या हातावर टोचा ना. आजून येक फेरा."

त्याच दुपारी, पाळण्याच्या सावलीत भाकरी खाताना, त्यांनी मला त्यांच्या धंद्याच्या दोन रीती सांगितल्या. मालकानं आपल्या पाळण्यात एरवी बसायचं नाही. यात्रा संपली, दोर सोडायची वेळ आली, की फक्त घरच्या माणसांनी एक फेरा घ्यायचा. तो उठतीचा फेरा. वर गेल्यावर त्या गावच्या देवाकडे बघून म्हणायचं, येतो.

"आणि तुम्ही इथे कधी घेतला?"

"हितनं आमी कुठं उठलोय?"

दुसरी रीत खड्ड्यांची. पाळण्याचे खांब उपसले की मागे चार खड्डे राहतात. पुन्हा त्या गावी यायचं नसेल तर ते मातीनं बुजवायचे. यायचं असेल तर प्रत्येकावर सपाट शिळा झाकायची. शिळा झाकलेल्या जागेवर दुसरा पाळणेवाला पाळणा उभा करत नाही, मग ती जागा कितीही मोक्याची असो. "भांडनं झाली, डोकी फुटली, पन शिळा कुनी हलवली न्हाई," हौसाबाई म्हणाल्या.

मग बहात्तर साल आलं. आमच्या डोंगरातसुद्धा पाऊस नावाला झाला. धरण भरलंच नाही, आणि जे होतं ते खालच्या मुलखासाठी सोडावं लागलं. पाणी धक्क्यापासून उतरलं, मग दिवसागणिक लांब जायला लागलं. धक्का चिखलात उभा राहिला, मग भेगाळलेल्या मातीत. फिरायला येणारी माणसं बंद झाली. हौसाबाईंनी खोपटातला तो बारीक दाखवणारा आरसा पालथा घातला. "आता त्यात काय बगायचं? ज्यो त्यो तसाच दिसतुया."

जामखेडकडचे त्यांचे भाऊबंद खडी फोडायच्या कामावर गेल्याच्या खबरा येत होत्या. एके सकाळी त्या माझ्याकडे उपकेंद्रात आल्या, बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "नरसबाई, ह्ये पानी सोडत्यात ते जामखेडला जातं का वो?"

"नाही. तिकडे नाही पोचत."

"मग कुठं जातं?"

"खाली. नदीनं, कालव्यानं. उसाला, गावांना."

त्यांनी पदर खोचला. मग उठताना म्हणाल्या, "जाऊ द्या. कुनाच्या तरी तोंडात पडंल."

पाणी उतरलं तशी होडीची जागाही खाली सरकली. माणसं आता धक्क्यावर थांबेनात; उतारावरून खाली, धरणाच्या तळात, पाण्याच्या कडेला जाऊन बसत. एका सकाळी मी बघते तर धक्क्याशेजारी पाळणा नाही. तो खाली, होडीजवळ उभा होता. पाणी आणखी सरकलं तसा तो आणखी खाली गेला. नामदेव त्या दिवसांत खुशीत होता. कसा का होईना, पाळणा हलत होता.

मी म्हटलं, "हौसाबाई, तुम्ही तर मुक्काम सोडलात."

"सोडला कुठं? जितं मानूस थांबतं तितं पाळना. पानी वर आलं की आमी वर." आणि धक्क्याकडे हात करून म्हणाल्या, "शिळा झाकून आलीया."

मला ते ऐकून पुरेसं वाटलं. त्यांना तर वाटलंच.

उन्हाळ्यात धरणाच्या ऑफिसातले नवे साहेब जागांची पाहणी करायला आले. तरुण होते, सभ्य होते. खडी फोडणाऱ्या मजुरांना गोळ्या देऊन मी परत येत होते. धक्क्यावर जीप दिसली म्हणून थांबले. साहेबांनी नकाशा बघितला, जागा बघितली आणि बरोबरच्या माणसाला सांगितलं, "इथे काहीच नाही. मोकळी आहे."

खालून हौसाबाई धापा टाकत चढून आल्या. "साहेब, मोकळी न्हाई. जागा माजी हाय."

"बाई, तुमचा पाळणा कुठे आहे?"

"त्यो काय, खाली."

"परवानगी इथली आहे. जागा वापरात असली तरच ती पुढे चालू राहते. तुम्ही तर धरणाच्या पोटात जाऊन बसलात. तिथे परवानगी देताच येत नाही."

"पानी खाली गेलं म्हनून गेलो. ह्या बगा शिळा." त्या वाकल्या, एका दगडावरची धूळ पदरानं पुसली. "चारी हायेत. हलल्या बी न्हाईत."

साहेबांनी दगडाकडे पाहिलं, मग हौसाबाईंकडे. त्यांना खरोखरच समजत नव्हतं. "कसल्या शिळा?"

हौसाबाई माझ्याकडे वळल्या. "सांगा की वो ह्यास्नी."

मी सांगितलं. यात्रेतली रीत, उठणं, झाकणं, बुजवणं, सगळं क्रमानं सांगितलं. साहेबांनी ऐकूनही घेतलं. मग म्हणाले, "सिस्टर, मला पटतं हो. पण वर मी काय सांगू? जागा का मोकळी नाही, तर चार दगड आहेत म्हणून?"

त्यानंतर जे करण्यासारखं होतं ते आम्ही केलं. अर्ज दिला. अकोल्याला दोनदा जाऊन आलो. सरपंचांना घेऊन गेलो. सगळीकडे लोक चांगलं बोलले. पण जागा तोवर विश्रामगृहाच्या बागेसाठी ठरली होती, आणि त्या दुष्काळात बागेचं काम म्हणजे गावातल्या दहापाच घरांना मजुरी. हौसाबाईंना हे समजल्यावर त्यांनी मला तिसऱ्यांदा अकोल्याला जाऊ दिलं नाही. "कुनाच्या भाकरीवर पाळना उभा करायचा व्हय?"

पुढच्या पावसाळ्यात पाणी वाढायला लागलं. सगळं गाव धरणाकडे बघून हात जोडत होतं. हौसाबाईही जोडत होत्या. जे पाणी वर यावं म्हणून त्या थांबल्या होत्या, ते आलं. आणि त्यांना वर यायला जागा नव्हती. पाणी पाळण्याच्या खांबांपासून हाकेवर आलं तेव्हा नामदेवनं राजूरहून एक ट्रक ठरवून आणला.

निघायच्या सकाळी मी गेले. चक्कर उतरवून झालं होतं, घोडे गवतात आडवे पडले होते. फक्त पाळणा उभा होता. नामदेव दोराजवळ थांबला होता.

"वयनी, उठतीचा फेरा घे."

हौसाबाई एका डोलीकडे गेल्या, थांबल्या आणि मला म्हणाल्या, "चला."

"मी? घरच्यांनीच बसायचं ना?"

"मग बसा की."

इतक्या दिवसांत मी त्या पाळण्यात बसले नव्हते. मी समोरच्या डोलीत चढले. हौसाबाईंनी दुरूनच अंदाज घेतला, मान हलवली, जवळ आल्या आणि एक लाकडी घोडा उचलून माझ्या मांडीवर ठेवला. मग आणखी एक. "आता जोड लागली," म्हणाल्या, आणि जाऊन बसल्या. शिट्टी त्यांनीच वाजवली.

समोरासमोर बसलं की एक वर असतो तेव्हा दुसरा खाली असतो. त्यामुळे त्या वर गेल्या तेव्हा मी खाली घोडे धरून बसले होते, आणि मला फक्त डोलीचा तळ आणि हिरव्या लुगड्याचा काठ दिसत होता. नामदेवनं तिथे पाळणा धरून ठेवला. रीतीप्रमाणे थांबावं लागतं तेवढा. वरून काही ऐकू आलं नाही. वारा होता, पाणी वाजत होतं.

मग मी वर गेले. सगळं धरण दिसलं, पलीकडच्या वाड्या दिसल्या, धक्का दिसला. धक्क्याच्या पायऱ्यांना अजून पाणी लागलं नव्हतं, पण लागणार होतं.

खाली उतरल्यावर नामदेवनं विचारलं, "म्हनलीस का, येतो म्हनून?"

 "दोर सोडा," हौसाबाई म्हणाल्या.

ट्रक भरून वर निघाला. मी मागे चालत होते. धक्क्याशी आल्यावर ट्रक थांबला, आणि हौसाबाई मागच्या बाजूनं उतरल्या. जागेभोवती नवी तार ताणली होती, आत अजून काही लावलेलं नव्हतं. त्या तार वर उचलून आत गेल्या. नामदेवही उतरला. तारेबाहेर बागेसाठी आणलेल्या मातीचा ढीग होता, त्यात फावडं रोवलेलं होतं. त्यानं ते उपसलं आणि तारेवरून पुढे केलं.

"बुजीव वयनी. मोकळं कर आता."

हौसाबाईंनी फावडं घेतलं नाही. त्या पहिल्या शिळेपाशी गेल्या, तिच्यावर उभ्या राहिल्या आणि टाचेनं दाबून बघितलं, हलते का. मग दुसरीवर. मग तिसरीवर. चौथी जराशी डुगडुगत होती. त्या खाली बसल्या, शिळा एका बाजूनं उचलली, खाली दगडाची एक चीप सारली, आणि पुन्हा टाचेनं दाबून पाहिली.